इतर पत्रव्यवहार

हसायला सुरुवात तिनंच केली होती, आणि हे तिला पुढे काही केल्या विसरता येईना. सभा म्हणावी अशी मोठी सभाही नव्हती ती. निबंधकांची खोली, लांब टेबल, चार माणसं, चार कप चहा. विषय एकच. सहा वर्षांपूर्वी तिनं एक पानभर व्याख्या लिहिली होती, कायद्याची भाषा कशाला म्हणायचं याची, आणि ते पान न्यायालयाच्या प्रत्येक खिडकीवर काचेखाली सरकवलेलं होतं. त्यावरूनच तिला सगळे व्याख्याबाई म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागेही फार हळू नाही. आता त्या पानाची नवी आवृत्ती निघायची होती आणि शेवटी नमुने जोडायचे होते: भाषा अशी असावी, अशी नसावी. असावीचे नमुने तिनं तासाभरात काढून दिले. नसावीचे आणायला आवक खिडकीवरच्या कारकुनाला सांगितलं होतं. हा दिवसभर कागदांवर शिक्के ठोकायचा म्हणून त्याचं नाव ठोक्या, आणि तोही खुशाल ओ द्यायचा. ठोक्यानं कपाटाच्या तळातून ‘इतर पत्रव्यवहार’ अशी चिठ्ठी डकवलेलं गाठोडं काढून आणलं, सुतळी सोडली, वरचे पाच-सहा कागद उचलले आणि नाटकात काम करायचं राहून गेलेल्या माणसाच्या आवाजात वाचायला लागला. “साहेब, मागं एकदा रागात एक कागद दिला होता. तो राग आता गेला. राग गेला की कागदाचं काय करायचं असतं ते मला कळत नाही, ते तुम्ही बघा.” ती फस्सकन हसली. मग निबंधक हसले, मग टंकलेखन विभागाच्या बाई. ठोक्याला चेव आला. “पोराला सांगा, म्हातारा आता नीट वागेल.” “अरे वा,” निबंधक म्हणाले, “हमीपत्रच की हे!” पुन्हा हशा. “आण इकडे,” डोळे पुसत ती म्हणाली, “हे घेऊ या नमुन्यात,” आणि तिनं हात पुढे केला.

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तेलाचा डाग होता. शिलाई मशीनला घालतात ते पातळ, बिनरंगाचं तेल. ते कागदावर पडलं की डाग काळा दिसत नाही, तेवढ्यापुरता कागद आरपार दिसायला लागतो. असे डाग तिच्या शाळेच्या वह्यांवर असायचे, प्रगतिपुस्तकावर असायचे, बाईंनी एकदा त्यावरून छडीही दिली होती. अक्षर मोठं होतं, प्रत्येक शब्दानंतर जरा दम खाऊन पुढचा लिहिलेला. खाली सही, आणि सहीच्या आधी एक ठळक फुली. कुणीतरी कधीतरी पोस्टात सहीची जागा दाखवायला म्हणून फुली मारून दिली होती, आणि तेव्हापासून तिच्या वडिलांची, अण्णांची, समजूत अशी की फुली हा सहीचाच भाग. घरात यावरून किती थट्टा व्हायची. “फुली विसरू नका हं अण्णा, नाहीतर सही कच्ची राहील,” असं ती स्वतःच म्हणायची. तिला एकदम गरम व्हायला लागलं, कानांच्या पाळ्यांपासून. खोलीत अजून कुणीतरी हसतच होतं. “काय झालं?” निबंधकांनी विचारलं. “काही नाही,” ती म्हणाली. “चहाचा ठसका लागला.”

सभा संपल्यावर ती ठोक्याच्या खिडकीशी गेली. ह्याची अजून आहेत का, एवढंच विचारायचं होतं, तर तेवढ्यासाठी तिला चारदा घसा खाकरावा लागला. “त्या म्हातारबुवांची? अकरा आहेत की! आमचं जुनं गिऱ्हाईक ते,” ठोक्या खुशीत आला. “पाच वर्षं येत होते. मी म्हणायचो, आजोबा, हे असं चालत नाही, हे बघा काचेखाली काय लिहिलंय, मागणी काय ते पाहिजे, आधार कशाचा ते पाहिजे. तर म्हणायचे, ते असू दे, तू शिक्का मार. मारला की खूश. शिक्क्यावर फुंकर घालायचे, वाळावा म्हणून.” तिनं विचारलं, कुणाकडून तरी लिहून घ्या असं का नाही सांगितलंस त्यांना. “सांगितलं तर! म्हटलं, घरात शिकलेलं कुणी नाही का? म्हणाले, आहे. पण तिला नको सांगायला, तिला वाईट वाटेल.” ठोक्यानं पुढच्या माणसाचा कागद घेतला आणि शिक्का उचलला. ती तिथंच उभी राहिली, मागची माणसं “बाई, सरका” म्हणेपर्यंत.

नऊ वर्षं झाली होती त्या पहिल्या कागदाला. अण्णांचं दुकान एका जिन्याखाली होतं, शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं, दोन माणसं आत बसली की तिसऱ्यानं बाहेरूनच बोलायचं. त्यातलं दुसरं माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून टिल्लू. पुढे दाराच्या चौकटीला कपाळ आपटेल एवढा वाढला तरी टिल्लूच. बाप-लेक दोघंही एकाच मापाचे, तापट. एका दुपारी त्यानं कुठल्यातरी स्क्रूचे आटे घालवले आणि अण्णांनी तीन गिऱ्हाइकांसमोर त्याच्या मुस्काटात मारली. तीस वर्षांच्या माणसाच्या. दुसरी मारायला हात उचलला तो टिल्लूनं वरच्यावर धरला आणि पिरगाळला. मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घालून घरी आले तेव्हा अण्णांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, एवढा संताप. तिच्याकडे बघून म्हणाले, “लिही.” तिला नुकतीच न्यायालयात नोकरी लागली होती, भाषा विभागात, आणि खोटं कशाला बोला, लिहिताना तिला मजा आली होती. जेवणाचं टेबल पुसून घेतलं, नवा कागद, ऑफिसातून आणलेला नमुना समोर. “सततच्या व वेळोवेळी होणाऱ्या मारहाणीमुळे अर्जदाराच्या जीवितास गंभीर धोका निर्माण झालेला असून.” किती झरझर लिहिलं गेलं ते! वाचून दाखवलं तेव्हा अण्णांचा राग जरा खाली बसला होता. “वेळोवेळी?” ते म्हणाले. “वेळोवेळी कुठं, एकदाच तर. आणि आधी मी मारली.” “अण्णा, कायद्यात असंच लिहितात. एकदाच म्हटलं तर तिथं कुणी उभंसुद्धा करत नाही.” त्यांनी डाव्या हातानं फुली मारली, डाव्या हातानं सही केली. अठरा दिवसांत हुकूम आला. टिल्लूनं त्या घरापासून दोनशे मीटरच्या आत यायचं नाही. आला तर सहा महिने कैद. आणि अर्जदार स्वतः तो मागे घेण्याची विनंती करीपर्यंत हा हुकूम लागू राहील. हुकुमात तिची अख्खी वाक्यं जशीच्या तशी उतरली होती. तिनं ती दोनदा वाचली होती, आणि दोन्ही वेळा तिला बरं वाटलं होतं.

नंतर घरात त्याचं नाव निघालं नाही. निघालं नाही म्हणजे अण्णांनी काढलं नाही, आणि तिला वाटलं, ह्यांना नकोच आहे तो. एकदाच, दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, पायमोजे चढवता चढवता त्यांनी विचारलं होतं, “एकदा दिलेला कागद परत घेता येतो का गं?” ती बाहेर पडण्याच्या घाईत होती. “न्यायालय म्हणजे काय खेळणं आहे का अण्णा, आज दिलं, उद्या परत घेतलं?” ते “बरोबर आहे” म्हणाले. मोजा गुडघ्यापर्यंत नीट ओढून घेतला. हे एवढं सगळं तिला आता, ऑफिसच्या जिन्यात उभ्याउभ्या, त्या मोज्याच्या रंगासकट आठवत होतं. तेव्हा का नाही ऐकू आलं? कान तर जागेवर होते. मायबाप असेच विचारतात, तोंड दुसरीकडे करून, मोज्याकडे बघत, आणि आपण अर्ज नमुन्यात आला नाही म्हणून परत पाठवतो.

आता विचारायचं कुणाला? आठ महिन्यांपूर्वी अण्णांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. राहिली ती मान. चहा हवा? मान हलायची, हो. चहा नको? हो. दिवसा त्यांच्यापाशी बसणाऱ्या शेजारच्या मावशी म्हणायच्या, “आता अण्णांसारखा समजूतदार पुरुष अख्ख्या गल्लीत नाही, कशालाही नाही म्हणत नाहीत.” झटक्यानंतर तिनं टिल्लूला फोन केला होता. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागला होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन मुली होत्या त्याला. तो म्हणाला होता, “ताई, त्यांनी मला कागदावर हाकललंय. कागदावर बोलावू दे. नाहीतर मी यायचो आणि ते भिंतीकडे तोंड करायचे. ते नाही बघवणार मला.” तिला तेव्हा तो आडमुठा वाटला. आणि इकडे कागदावर बोलावून झालं होतं, एकदा नाही, अकरा वेळा, प्रत्येक कागदावर शिक्का, प्रत्येक शिक्क्यावर फुंकर. ते तिच्याच इमारतीत, तिच्या खुर्चीपासून दोन मजले खाली, पाच वर्षं पडून होतं. आपण रोज त्या कपाटावरून गेलो, असं तिच्या मनात येई आणि पुढे काहीच येत नसे.

त्या संध्याकाळी तिनं अकराही पत्रं फोनवरून त्याला वाचून दाखवली. ऑफिसच्या मागच्या गच्चीत उभी राहून, पाण्याच्या टाकीला टेकून. “साहेब, त्याची खाट आहे तिथंच आहे, मी हलवू दिली नाही.” “साहेब, त्यानं मारलं असं लिहिलं आहे पण आधी मी मारलं होतं, ते लिहायचं राहिलं.” “माझ्या लेकीनं कागद चांगला लिहिला होता, तिची काही चूक नाही, तिला काही विचारू नये.” इथं तिचा आवाज गेला, तर टिल्लूच म्हणाला, “वाच ना, पुढे वाच.” “स्क्रू काय, बाजारात मिळतात.” शेवटचं झटक्याच्या आधीच्या महिन्यातलं होतं. “साहेब, मी दुकानाची किल्ली जिन्यावरच्या बाईंकडे ठेवली आहे. त्याला माहीत असावं म्हणून कळवतो.” सगळं वाचून झालं. मग टिल्लू म्हणाला, “येतो मी. आत्ता निघतो. कोण बघतंय नऊ वर्षांनी? जिन्यानं वर येईन, बघेन आणि जाईन.” आणि ती काय म्हणाली? ती म्हणाली, “थांब. असं चोरून नको. आपण रीतसर करू.” रीतसर! जन्मभर हाच एक शब्द तिला वेळेवर सुचत आला होता. तो तिचा धाकटा भाऊ, त्यानं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती अकरा पत्रं घेऊन निबंधकांसमोर बसली आणि ती कुणाची आहेत ते सांगितलं. निबंधक वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधी काल हसल्याबद्दल माफी मागितली, मग चष्मा लावून सगळी पत्रं वाचली, एकही न गाळता. “विनंती तर आहे ह्यात,” ती म्हणाली. “आहे ना. कोण नाही म्हणतंय? पण काय करावं म्हणून? न्यायालयानं यावर काय हुकूम द्यायचा, बाई? खाट आहे तिथंच राहू द्यावी, असा?” ते टोचून बोलत नव्हते, खरंच विचारत होते. “हुकूम मागे घ्या असंच म्हणताहेत ते.” “कुठं म्हणताहेत? दाखवा, मी आत्ता सही करतो.” त्यांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं. तिनं पत्रं पुढ्यात ओढली आणि एकेक वाचत गेली, बोट ठेवून. खाट होती, किल्ली होती, राग होता, स्क्रू होता. ‘मागे घ्या’ कुठंच नव्हतं. सगळं सगळं लिहिलं होतं त्यांनी, तेवढं सोडून. मागायची सवयच नव्हती त्या माणसाला, गिऱ्हाइकाकडेही कधी तोंड उघडून मागितलं नाही. “हे आज तुमच्यासाठी मानलं,” निबंधक हळूच म्हणाले, “तर त्या गाठोड्यातल्या प्रत्येकाचं मानावं लागेल.” “मग माना ना!” ती ओरडलीच जवळजवळ. “बाई, तेराशे आहेत ते.” आणि तेराशे म्हटल्यावर तिला पहिल्यांदाच वाटलं, की तेराशे म्हणजे कागद नव्हेत. निबंधकांनी टोपण परत लावलं. “वडील हयात आहेत ना? मग जबाब घेणारे अधिकारी घरी पाठवतो. तोंडी सांगू देत, नाही तर मानेनं.” “मान हलवतात,” ती म्हणाली. “मग झालं तर!” ते म्हणाले, आणि मग दोघंही एकाच वेळी गप्प झाले, कारण काचेखालच्या त्या पानाच्या तळाला एक टीप होती आणि ती तिचीच होती.

टीप चांगल्या मनानं लिहिलेली होती, हे तिला कुणालातरी सांगावंसं वाटे. सात वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांसमोर एका म्हाताऱ्या बाईंना पुतण्यांनी न्यायालयात आणून बसवलं होतं. घर पुतण्यांना देता का? बाईंनी मान हलवली. घेतलं लिहून, राहतं घर गेलं. बाहेर पडताना पट्टेवाल्यानं विचारलं, आजी, पाणी हवं का, तर तशीच हलवली. पाणी नको का, तर तशीच. म्हणून तिनं लिहिलं: ज्यास बोलता वा लिहिता येत नाही त्यास प्रश्न विचारून झाल्यावर तोच प्रश्न उलट करून विचारावा, दोन्हींस होकार आल्यास त्याने काहीही सांगितले नाही असे समजावे. घरच्यांनी खाणाखुणा करू नयेत. या टिपेनं कितीतरी म्हाताऱ्यांची घरं वाचली होती. तिला तिचा अभिमान होता, अगदी परवापर्यंत.

गुरुवारी अकरा वाजता अधिकारी येणार असं ठरलं. मधे तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत तिनं रजा काढून अण्णांना ‘नाही’ शिकवलं. खाटेवर त्यांच्यासमोर बसायचं, हनुवटी दोन बोटांत धरायची, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. “हे नाही. अण्णा, हे नाही. मी चोर आहे का? नाही म्हणा.” दाढीचे खुंट बोटांना टोचायचे. ते तिच्याकडे बघून हसायचे, ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ यायची, ती पुसायची. लहानपणी ह्यांनीच तिला मशीनमध्ये दोरा ओवायला असं शिकवलं होतं, बोटं धरून, न ओरडता. ओरडणं सगळं टिल्लूच्या वाट्याला. “आज दगड खाणार का? नाही. म्हणा, नाही.” हो, अण्णांची मान म्हणायची, हो, हो. मावशी दारात उभं राहून म्हणाल्या, “अगं, जन्मात तुला नाही म्हटलं नाही त्यांनी, आता कुठून म्हणतील?” बुधवारी संध्याकाळी मात्र तिनं विचारलं, “दुकान विकून टाकू का?” आणि अण्णांची मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली. स्वतःहून! तिनं त्यांना मिठीच मारली. टिल्लूला फोन केला, “जमलं रे, जमलं! उद्या रजा टाक. लाँड्रीच्या पुढे स्टेशनरीचं दुकान आहे बघ, ते दोनशेच्या बाहेर आहे, तिथं उभा राहा. सही झाली की हाक मारते.”

अधिकारी वेळेवर आले. बारकेसे, पन्नाशीचे, पायपुसण्यावर बूट तीनतीनदा पुसणारे. त्यांच्यामागून जिन्यात एक हवालदार. “हा कशाला?” तिनं विचारलं. “पद्धत आहे,” ते ओशाळून म्हणाले. “हुकूम चालू असला की जबाबाच्या वेळी मनाई केलेला इसम आसपास नको. चौकीला कळवावं लागतं.” म्हणजे नऊ वर्षं कुणाच्या ध्यानीमनी नसलेला हुकूम तिनं स्वतःच उठवून बसवला होता. हवालदार खाली दारातच स्टूल मागून बसला. अण्णांना तिनं उशांना टेकवून बसवलं होतं, दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. अधिकाऱ्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि मोठ्यानं, सावकाश, चांगल्या आवाजात विचारलं, “आजोबा, तुमचा मुलगा घरी यावा, असं तुम्हाला वाटतं का?” अण्णांची मान हलली. नुसती हलली नाही, खालवर, खालवर, थांबेचना, आणि डोळ्यांतून पाणी. “आता मला उलट विचारावं लागतं हं, आजोबा. रागावू नका. त्यानं घरी येऊ नये, असं तुम्हाला वाटतं का?” अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीशी उभी होती, हात मागे बांधून, कारण खाणाखुणा करायच्या नव्हत्या. तिला दिसत होतं की ते प्रयत्न करताहेत. मानेच्या शिरा ताठल्या, हनुवटी थरथरली, जराशी डावीकडे गेली. डावीकडे गेली, देवाशप्पथ. आणि मग तिच्याकडे बघता बघता, ती खूश व्हावी म्हणून असेल, समोर बसलेल्या भल्या माणसाचा मान राखावा म्हणून असेल, ती खाली आली. हो. आणि पुन्हा हो.

अधिकाऱ्यांनी पेन हातातच ठेवलं, लिहिलं नाही. तिला राहवलं नाही. “अण्णा, टिल्लू आलाय,” ती म्हणाली. “कोपऱ्यावर उभा आहे.” आणि अण्णांनी आवाज काढला. आठ महिन्यांत त्यांच्या तोंडून काय काय आवाज निघाले होते, खाकरण्याचे, कण्हण्याचे, पण असा नाही. तो पोटातून सुरू झाला, घशाशी अडला, तिथं कुठलंतरी अक्षर होऊ पाहत होता, होईना, तर तसाच बिनअक्षराचा वर आला आणि लांबत गेला. डावा हात दाराकडे उचलला होता. मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या. आवाज संपला तेव्हा खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. “ऐकलं मी, बाई,” अधिकारी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी लपवलंही नाही. “पण लिहू काय? म्हणाले असं लिहिता येत नाही, दोन्हीला हो झालंय. फार तर आवाज काढला असं लिहितो. कसला आवाज, ते तुम्ही सांगा. तुमचंच खातं ते.” त्यांनी पेन कागदाला टेकवून धरलं आणि खरोखर वाट पाहिली. तिनं शोधलं. उभं आयुष्य शब्दांत गेलं होतं तिचं. आक्रोश? त्यात मागणी नाही. उद्गार? हाक? हाकेवर न्यायालय काय हुकूम देणार? “आवाज काढला असं लिहून काय होईल?” तिनं विचारलं. “होणार काहीच नाही,” ते म्हणाले. “मग राहू द्या.” त्यांनी लिहिलं: अर्जदाराने काहीही सांगितले नाही. साक्षीदार म्हणून मावशींनी सही केली आणि घरातलं सज्ञान माणूस म्हणून तिनं केली. अण्णांच्या नावापुढची जागा रिकामी ठेवावी लागते, ती ठेवली. अधिकाऱ्यांनी जाताना अण्णांना वाकून नमस्कार केला. अण्णांनी मान हलवली.

ती चप्पल घालून खाली उतरली. हवालदार स्टुलावरून उठत “झालं का?” म्हणाला, ती तशीच पुढे गेली. लाँड्री, मग दोन बंद दुकानं, मग स्टेशनरीवाला. टिल्लू फुटपाथच्या कडेला उभा होता, एवढा थोरला, कानांवर पिकलेला, इस्त्रीचा शर्ट घालून. नऊ वर्षांत तिनं त्याला पाहिलं नव्हतं. तो चार पावलं तिच्याकडे आला आणि एकदम थांबला, जणू पुढे जमीन नव्हती. “काय म्हणाले?” तिनं तोंड उघडलं. “दोन्ही प्रश्नांना होकार आल्यामुळे,” ती म्हणाली, आणि स्वतःचीच किळस येऊन थांबली. “ताई, नीट सांग ना.” “काही सांगितलं नाही, असं लिहिलंय.” “लिहिलंय ते राहू दे गं. म्हणाले काय?” त्याचा ओठ लहानपणी मार खाल्ल्यावर थरथरायचा तसा थरथरत होता. आजूबाजूला माणसं होती. एक बाई पोरीसाठी पट्ट्या-पेन्सिली बघत होती, दुकानदार काउंटरवर कोपर टेकून उभा होता. तिनं पर्स खाली ठेवली आणि तो आवाज काढला. पहिल्यांदा नुसताच घसा खरवडला, खोकल्यासारखं काहीतरी झालं. पट्ट्या बघणारी बाई वळली. तिनं डोळे मिटले, पोटातून सुरू केला, घशाशी अडू दिला, आणि न सांभाळता सोडून दिला, सेहेचाळीस वर्षांच्या बाईनं, भर रस्त्यात, डावा हात घराच्या दिशेनं उचलून. दुकानदार बाहेर आला. डोळे उघडले तेव्हा टिल्लूनं विजेचा खांब एका हातानं धरला होता आणि त्याच्या तोंडावरून पाणी वाहत होतं, ते तो पुसतही नव्हता. “पुन्हा,” तो म्हणाला. तिनं पुन्हा काढला.